पडद्याआडचे बारा हात

‘माहीत नाही’ हे दोन शब्द एक माणूस दिवसभरात किती वेळा उच्चारू शकतो, हे मी एकदा मोजलं होतं. मंगळवार होता, पेशंट अकरा होते आणि सर सतरा वेळा ‘माहीत नाही’ म्हणाले. अकरा वेळा इंग्रजीत, पाच वेळा हिंदीत आणि एकदा मराठीत, मला. दवाखान्याच्या फ्रंट डेस्कवर बसणाऱ्या बाईला हे परवडत नाही. लोक दुखणं घेऊन येतात ते इथे कुणाला तरी काहीतरी माहीत असेल म्हणून. संध्याकाळी मी सरांना तसं स्पष्ट सांगितलं.

"हाव, तुझं म्हणणं बरोबर आहे," सर म्हणाले. "पण त्यावर उपाय काय, ते मात्र माहीत नाही."

अठरा.

सर मूळचे नागपूरचे. तिथे शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून इथेही सगळ्यांचे सरच राहिले. व्हँकुव्हरजवळच्या सरे गावात, रस्त्याकडेच्या दुकानांच्या एका रांगेत, मिठाईचं दुकान आणि टायरचं दुकान यांच्या मधोमध त्यांचा ॲक्युपंक्चरचा दवाखाना होता. दोन खोल्या, समोर माझं डेस्क आणि सहा खुर्च्या. चिनी पेशंट दार उघडून आत बघायचे आणि विचारायचे, "डॉक्टर कुठे आहेत?" सर म्हणायचे, "मीच." मग ते माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायची. आपल्या लोकांचा प्रश्न वेगळा असायचा. एकदा मराठी मंडळाच्या जेवणात एक निवृत्त हार्ट सर्जन, फार पूर्वी इथे आलेले, सरांना सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, आपला आयुर्वेद घरात असताना ह्या चिनी सुया कशाला?"

सर श्रीखंडाची वाटी हातात घेऊन उभे होते. ते उभ्यानेच जेवायचे, घरीसुद्धा. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमच्या घरात होता. माझ्या आजोबाच्या घरी आयुर्वेद कधी आला नाही. वैद्यबुवा आमच्या वस्तीच्या तोंडाशी उभे राहून लांबूनच औषध टाकायचे. ह्या सुया मात्र सायकलवर बसून आमच्या विहारात आल्या."

ते खरं होतं. सरांच्या तरुणपणी, चीनला जाऊन शिकून आलेले एक डॉक्टर दर शनिवारी सायकलने येत आणि विहाराच्या मागच्या खोलीत जो येईल त्याला शिकवत. शेतकऱ्यांना शिकवण्यासाठी चीनमध्ये छापलेली स्वस्त पुस्तकं त्यांच्याजवळ असत. कुणाची जात विचारली नाही, कुणाला बाहेर बसवलं नाही. सर म्हणत, "मला त्या विद्येतलं पहिलं काय आवडलं असेल तर तिचं दार. ते उघडं होतं. आत काय आहे ते मी नंतर पाहिलं."

सर्जन हसून म्हणाले, "आत काही नाही. सगळा मनाचा खेळ आहे."

"मोजलं का तुम्ही?"

"ते मोजायची गरज नाही."

"मग पोथीवाल्यात आणि तुमच्यात फरक काय राहिला, साहेब? त्यालाही न पाहताच माहीत असते, तुम्हालाही न पाहताच माहीत आहे."

सर्जनच्या बायकोने पटकन पुऱ्यांचा विषय काढला.

म्हणजे सर त्या विद्येचे आंधळे भक्त होते असं नाही. उलट. आमच्या व्यवसायाच्या स्थानिक संघटनेने वेटिंग रूममध्ये ठेवायला दोनशे पत्रकं पाठवली होती. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘पाच हजार वर्षांचं ज्ञान’. सरांनी सलग तीन दुपारी बसून दोनशेच्या दोनशे पत्रकांवर ती ओळ पेनाने खोडली. मी म्हटलं, "सर, एक शिक्का बनवून घेते ना." म्हणाले, "नको. हाताने खोडल्याशिवाय समाधान होत नाही." त्यांचं म्हणणं असं की आज कॉलेजात जे शिकवतात त्यातलं बरंच काही आपल्या आईबापांच्या हयातीत सरकारने माणसं बसवून निवडलं, जुळवलं आणि पुस्तकात घातलं. गरीब देशाला डॉक्टर पुरत नव्हते, आणि देशाचा अभिमानही होता. "त्यात लाजायचं काय? लोकांसाठी केलं हेच तर चांगलं. पण जुनं आहे म्हणून खरं, हे मला सांगू नका. जुनं आहे म्हणजे जुनं आहे. माझ्या लोकांना जुन्याने काय दिलं ते मी पाहून बसलो आहे."

दवाखान्यात बासरीचं संगीत नाही, उदबत्ती नाही, बांबूतून पडणारं पाणी नाही. भिंतीवर एक घड्याळ आणि आग लागली तर कुठून पळायचं त्याचा नकाशा. टेबलावर एक लांब रजिस्टर. त्यात प्रत्येक पेशंटपुढे तीन रकाने: ‘बरं वाटलं’, ‘फरक नाही’ आणि ‘आलेच नाहीत’. महिन्याच्या शेवटी बेरीज मी करायची. ‘आलेच नाहीत’ हे ‘फरक नाही’मध्ये धरायचे असा सरांचा नियम होता.

दुसऱ्या खोलीत बसणारी मेई ह्या नियमावर हसायची. "ते बरे झाले असतील म्हणून आले नसतील!"

"मग बरे झालेले लोक मिठाईच्या दुकानात तरी दिसले असते," सर म्हणायचे.

मेई चाळिशीची, व्हँकुव्हरमध्ये जन्मलेली, चौथी पिढी. तिच्या पणजोबांचं चिनी वस्तीत जडीबुटीचं दुकान होतं. तिचं आणि सरांचं बोलणं इंग्रजीत चालायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे. सर सत्तरीला आले होते, मुलगा दूर पूर्वेकडच्या किचनर शहरात राहायला बोलावत होता, आणि वर्षअखेरीला दवाखाना मेईला सोपवून जायचं ठरलं होतं. सरांची अट एकच होती. आपण जे देऊ ते आपल्याला स्वतःला पटलेलं असलं पाहिजे. आणि त्यांना सगळ्यात जास्त पटलेली, तीस वर्षं सांभाळलेली गोष्ट म्हणजे नाडी. मनगटावर तीन बोटं ठेवायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं: तारेसारखी ताठ आहे, निसरडी आहे, खोल गेलेली आहे की वर तरंगते आहे. त्यावरून सुया कुठे टोचायच्या ते ठरायचं. दिवसाला सतरा वेळा ‘माहीत नाही’ म्हणणारा माणूस नाडीवर बोट ठेवल्यावर एकदाही तसं म्हणत नसे.

ती नाडी माझ्या चुकीमुळे हलली. मी चुका सहसा करत नाही, म्हणून ही लक्षात आहे. गुरमीत नावाचा एक ट्रक ड्रायव्हर पाठदुखीसाठी पहिल्यांदाच येणार होता आणि त्याचं नाव मी दोन्ही खोल्यांच्या वेळापत्रकात घातलं. सरांनी त्याला तपासलं, चिठ्ठी लिहिली आणि सुया टोचण्याआधी दहा मिनिटं शांत बसायला बाहेर पाठवलं. तेवढ्यात मेईने हाक मारली. तो उठून आत गेला, तिलाही जीभ दाखवली, तिच्याही हातात मनगट दिलं. मी वॉशरूममधून परत येईपर्यंत दोन चिठ्ठ्या डेस्कवर पडल्या होत्या.

"मॅडमजी, मैंने सोचा यहाँ दो-दो डॉक्टर देखते हैं," गुरमीत खूश होऊन म्हणाला. "बहुत अच्छा सिस्टम है जी."

सरांच्या चिठ्ठीत होतं: तारेसारखी ताठ, यकृतावर ताण. मेईच्या चिठ्ठीत: मऊ, निसरडी, पचन मंद. दोघांच्या सुया वेगवेगळ्या जागी पडणार होत्या. मी चिठ्ठ्या लपवू शकले असते. पण कागद दोन असले की ते एकमेकांशेजारी ठेवून बघायची मला सवय आहे. मी त्या सरांपुढे तशाच ठेवल्या.

सरांनी त्या बराच वेळ वाचल्या. मग म्हणाले, "कोण बरोबर?"

"मला काय कळणार, सर?"

"तुला नाही. मी मला विचारून राहिलो."

त्या आठवड्यात त्यांनी ठरवलं. मेईशी तुलना करायचीच नाही. आधी स्वतःशी करायची. एकाच माणसाची नाडी दोनदा दिली, आणि तो कोण ते कळू दिलं नाही, तर आपण दोन्ही वेळा तेच सांगतो का? "एवढं साधं काम तीस वर्षांत काहून केलं नाही मी? शाळेत पोरांना लिंबाच्या रसाचे सुद्धा दोन दोन प्रयोग करायला लावत होतो."

मांडणी माझ्याकडे आली. बारा माणसं. त्यात सरांच्या जयंती समितीचे चौघे, टायरच्या दुकानातले दोघे, माझा नवरा, गुरमीत आणि बाकी पेशंट. दोन खोल्यांमधल्या दारात शॉवरचा पडदा लावला आणि त्याला हात जाईल एवढी चीर पाडली. हात ओळखू येऊ नयेत म्हणून स्वस्त वस्तूंच्या डॉलर-दुकानातून मोजे आणले, पुढची टोकं कापली आणि प्रत्येकाच्या तळव्यावर चढवले, म्हणजे फक्त मनगट उघडं. घड्याळं, बांगड्या काढायला सांगितल्या. गुरमीतचं उजव्या हातातलं कडं काढायला सांगायचं नव्हतं, म्हणून सगळ्यांचाच डावा हात घ्यायचा ठरलं. क्रम माझ्याकडे, बंद पाकिटात. प्रत्येकाच्या दोन, अशा चोवीस फेऱ्या. सरांनी दर वेळी चारपैकी एक शब्द चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. मी मेईलाही विचारलं. तिने मान हलवून नकार दिला, पण रविवारी सकाळी आली आणि कोट न काढता दाराशी उभी राहिली.

सर पडद्यापलीकडे खुर्चीत बसले. एरवी ते पेशंटशी बोलत असतात. त्या दिवशी बोलायचं नव्हतं. पडद्यातून हात जायचा, मिनिटभर शांतता, पेनाची कुरकुर, आणि हात परत. माझ्या नवऱ्याला गुदगुल्या होतात, तो दोन्ही वेळा हसला; त्याला बाद करावं का यावर पाच मिनिटं गेली. हसणं ऐकून सर नाडी ओळखतील अशी मला शंका होती. सर पलीकडून ओरडले, "राहू दे त्याला! हसण्यात नाडी बदलते की नाही तेही समजेल!"

मग सगळे पोह्यांवर तुटून पडले आणि मी डेस्कवर चिठ्ठ्या लावल्या. बारापैकी चार माणसांच्या बाबतीत सरांचे दोन्ही वेळचे शब्द जुळले. आठ जणांचे जुळले नाहीत. माझ्या नवऱ्याची नाडी पहिल्यांदा ताठ होती आणि वीस मिनिटांनी तरंगत होती.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि स्वतः मोजलं. दोनदा.

"चार," ते म्हणाले. "शब्द चार, माणसं बारा. डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या असत्या तरी तीन आले असते."

"सरजी, पास या फेल?" गुरमीतने विचारलं.

"फेल, पाजी."

"कोई नहीं जी. मैं भी ट्रक का टेस्ट तीसरी बार में पास हुआ था."

सर हसले. मग मला म्हणाले, "पोहे उरले का?" आणि उभ्याने दोन प्लेटा खाल्ल्या.

सोमवारी त्यांनी निकालाचा कागद मोठ्या अक्षरांत छापून घेतला. त्यावर काय केलं, कसं केलं, किती जुळले आणि खाली: ‘म्हणून यापुढे मी नाडीवरून निदान करणार नाही.’ तो कागद घड्याळाखाली लावला. मेई आली, कोट अंगात ठेवूनच तिने तो वाचला.

"नाडी बदलते," ती म्हणाली. "माणूस चालतो, चहा पितो, घाबरतो. तुमच्या प्रयोगाने काहीच सिद्ध होत नाही."

"बरोबर असेल. मग वीस मिनिटांत बदलणारी गोष्ट पाहून मी लोकांना तीन महिन्यांचा इलाज सांगत होतो, त्याचं काय?"

"तुम्हाला जमलं नाही म्हणजे कुणालाच जमत नाही असं नाही."

"तेही बरोबर. म्हणून कागदावर ‘मी’ लिहिलं आहे. ‘चिनी वैद्यक’ लिहिलं नाही."

मेई खुर्चीत बसली. तिचा आवाज खाली आला. "वाचणारे तसं वाचणार नाहीत. गेल्या आठवड्यात स्कायट्रेनमध्ये एक माणूस मला म्हणाला, तुझ्या देशात परत जा. माझ्या पणजोबांना इथले दवाखाने दारातून परत पाठवायचे. त्यांचं दुकान हाच आमच्या लोकांचा दवाखाना होता. ते नाडीच बघायचे. आज आपणच भिंतीवर लावायचं की ती खोटी आहे? आणि ज्यांना आम्ही नको आहोत त्यांच्या हातात कागद द्यायचा?"

मी डेस्कवर फाइली सरळ करत होते. मला तिचं पटत होतं. सरांनाही पटत असावं, कारण त्यांनी कागदाकडे एकदा वळून पाहिलं.

"माझ्याही माणसांना दारातून परत पाठवत होते," ते म्हणाले. "म्हणून तर मी हे शिकलो. पण मेई, ज्याला सगळ्यांनी बाहेर ठेवलं, तो आपल्याकडे येतो. त्यालाच आपण न तपासलेलं द्यायचं? तुझ्या पणजोबांजवळ दुसरं काही नव्हतं. त्यांनी जे हातात होतं ते दिलं. माझ्याजवळ पडदा होता, बारा माणसं होती, ही बाई होती. मला बघता येत होतं. आता बघून झालं. बघितलेलं लपवू कसं?"

"आणि सुया? त्याही काढून टाकणार?"

"त्यांचं वेगळं मोजावं लागेल. पाठीला, गुडघ्याला लोकांना बरं वाटतं, रजिस्टरमध्ये आहे. त्यातलं सुईमुळे किती आणि चाळीस मिनिटं निवांत पडल्यामुळे किती, ते माहीत नाही."

मेई उठून आपल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, पण लावून घेतलं.

पुढचे दोन महिने अवघड गेले. रजिस्टरमध्ये ‘आलेच नाहीत’चा रकाना लांबत गेला. संघटनेकडून दोनदा फोन आला. सरांनी दोन्ही वेळा त्यांना पडदा आणि मोजे उसने द्यायची तयारी दाखवली. मी स्वतः दोन ठिकाणी नोकरीसाठी अप्लाय करून ठेवलं आणि तेही सरांना सांगितलं. "चांगलं केलं," ते म्हणाले. "रेफरन्स माझा दे. पण मी फेल झालो ते त्यांना आधीच सांगून ठेव."

जे पेशंट राहिले ते सवयीने मनगट पुढे करत. सर ते हातात घेत आणि म्हणत, "याच्यातून मला काही कळत नाही. तुम्हीच सांगा." मग लोक सांगत. ट्रकच्या सीटबद्दल, रात्रपाळीबद्दल, सुनेबद्दल. एका बाईंनी जिने चढताना छातीत काय होतं ते सांगितलं, तेव्हा सर रजिस्टर उघडं टाकून तिला स्वतःच्या गाडीतून इमर्जन्सीत घेऊन गेले. वीस मिनिटांच्या भेटी चाळीस मिनिटांच्या झाल्या. वेळापत्रक मी नव्याने आखलं.

डिसेंबरात सर गेले. निघताना मेईला म्हणाले, "सुया घे, रजिस्टर घे, ही बाई घे. नाडीचं मी काही देऊ शकत नाही, ती माझ्याजवळ नव्हतीच." मेईने त्यांना मिठी मारली. ती कागदाबद्दल काही बोलली नाही. मला वाटलं, सोमवारी तो उतरेल.

उतरला नाही. मेई कागदाकडे बघायची नाही आणि त्याला हातही लावायची नाही. बघत होते ते पेशंट. वेटिंग रूममध्ये बसून ते कागद शांतपणे वाचत आणि आत जाऊन तिच्यापुढे मनगट ठेवताना विचारत, "त्यांचं कळलं. तुमचं काय?" पहिल्या आठवड्यात असं सहा जणांनी विचारलं. दुसऱ्यात नऊ. ती काय उत्तर देत होती ते दाराबाहेर मला ऐकू येत नव्हतं.

तिसऱ्या गुरुवारी ती माझ्या डेस्कशी आली. "रविवारी मोकळी आहेस?"

मी पडदा लावला. माणसं तीच बारा, क्रम नवा. मेईने कोट काढून खुंटीला लावला आणि पलीकडे जाऊन बसली. तिने सरांपेक्षा जास्त वेळ घेतला. एका हाताला तर चार मिनिटं. चोवीस चिठ्ठ्या झाल्यावर ती पोह्यांकडे गेली नाही, माझ्या खांद्यामागे उभी राहून मोजणी बघत राहिली.

सहा जुळले. सहा नाही.

तिने पेन घेतलं आणि त्याच नमुन्यावर स्वतःचा कागद लिहिला. ‘मी’ हा शब्द तिने अधोरेखित केला. तो सरांच्या कागदाशेजारी लावला, मागे सरून सरळ आहे का बघितलं आणि मला म्हणाली, "आता किचनरला फोन लाव. स्पीकरवर. आणि त्यांना सांग, मी दोनने पुढे आहे."

मी सांगितलं. पलीकडे शोव्हलचा आवाज थांबला. सर बर्फ काढत होते.

"सहा?" ते इंग्रजीत म्हणाले. "शाबास, मेई. मनापासून शाबास." मग लगेच, "पण दोन म्हणजे काही नाही. दोन तर असेच येतात. माणसं दुप्पट घे आणि पुन्हा कर."

"हे असंच म्हणणार ते," मेई मला म्हणाली. तिने डेस्कवरचं कॅलेंडर आधीच पुढे ओढलं होतं. "चोवीस माणसं कुठून आणायची?"

मी कोरा कागद घेतला, एक ते चोवीस आकडे घातले आणि पहिलं नाव नवऱ्याचं लिहिलं. त्याला नंतर विचारू.